टेबलाखालची सेवा

"चंद्रसूर्य आहेत तोवर आमच्या घराण्याच्या हातचा वारा थांबायचा नाही!"

ही घोषणा व्यंकोबारावांनी कुजबुजत केली, कारण खोलीत मोठ्याने बोलायला बंदी होती. ती चंद्रसूर्यांपर्यंत पोचायच्या आत त्यांचं डोकं टेबलाच्या काठावर आपटलं. घोषणा ही उभ्याने करायची गोष्ट आहे. व्यंकोबाराव त्या वेळी ओणवे होते, धोतरवजा वेष्टी गुडघ्यावर खोचलेली होती आणि ते टेबलाखाली शिरत होते.

टेबलावर त्यांच्या लेकीचा लॅपटॉप तापला होता.

हा लॅपटॉप काही साधासुधा नव्हता. तो खेळण्यासाठी केलेला. झाकणावर लाल डोळ्यांचं कुठलं तरी जनावर, आणि उघडला की अक्षरांच्या खालून सात रंग पळायचे. दिव्यश्रीने तो चेन्नईच्या एका मैत्रिणीकडून जुना घेतला होता. बंद असला की देखणा, चालू झाला की ताप. मागच्या झरोक्यातून तो असा वारा सोडी की दिव्यश्रीच्या आईने, भवानीबाईंनी, एकदा त्याच्यासमोर ताटलीत तांदळाचे चार ओले वडाम, म्हणजे सांडगे, ठेवून पाहिले. दुपारपर्यंत वाळले. तेव्हापासून भवानीबाईंना त्या यंत्राविषयी थोडा आदर होता. तो घरात दुसऱ्या कुणालाच नव्हता.

बस स्टँडमागच्या सतीशकुमारने तो दोनदा उघडला होता. पहिल्यांदा आतून उशी भरेल इतका कापूस काढला. दुसऱ्यांदा आतलं थंडाव्याचं मलम बदललं, नवा पंखा बसवला आणि निवाडा दिला, "सार, मशीनचा दोष नाही. गावाचा दोष आहे. हे थंड देशासाठी केलेलं. मे महिन्यात कुंभकोणात खेळू नये. उटीला नेऊन खेळावं." या सल्ल्याचे त्याने वेगळे पैसे घेतले नाहीत.

पण आजचा खेळ उटीपर्यंत थांबणारा नव्हता. पुण्याच्या एका कंपनीत दिव्यश्रीला नोकरी मिळायची होती. नवे खेळ बाजारात जाण्याआधी खेळून त्यातल्या चुका पकडायची नोकरी. "खेळायला पगार देतात?" असं व्यंकोबारावांनी पंधरा दिवसांत नऊ वेळा विचारलं होतं, आणि दिव्यश्रीने नऊ वेळा, "खेळायला नव्हे अप्पा, दोष काढायला," असं सांगितलं होतं. दोष काढायला पगार मिळतो हे कळल्यावर त्यांनी भवानीबाईंकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं.

आज शेवटची परीक्षा होती. दहा ते एक, तीन तास, कॅमेरा चालू. खोलीत दुसरं माणूस दिसता कामा नये. आणि मशीन एकदा जरी बंद पडलं तर परीक्षा तिथेच संपली. रांगेत पुढचा उमेदवार तयार.

तयारी झाली होती. टेबल वेताने विणलेलं, म्हणजे खालून हवा लागणारं. त्यावर कॉफीच्या पेल्याखाली ठेवायचे पितळी डवरे, चार, पालथे घालून त्यांवर लॅपटॉप चढवलेला. शेजारी टेबलफॅन. त्या वाऱ्यावर मशीन चौऱ्याऐंशी अंशांवर राही. फॅन नसला की सत्त्याण्णव, आणि मग पडदा काळा. हे सगळं दिव्यश्रीने वहीत लिहून काढलं होतं. फक्त वीज मंडळाने ती वही वाचली नव्हती. दहा पस्तीसला वीज गेली.

इन्व्हर्टर होता. पण तो व्यंकोबारावांच्याच वयाचा. एका वेळी एकच काम करी. लॅपटॉप चालवला तर फॅन नाही, फॅन लावला तर लॅपटॉप नाही. दोन्ही लावले तर तो ओरडत असे.

दारातून व्यंकोबारावांनी लेकीचा चेहरा पाहिला. ती हसून पुण्याशी बोलत होती आणि डावा हात मागे करून, बोटं हलवून, वारा मागत होती. ते धावले. देवघराच्या खुंटीला जो पंखा हाताला लागला तो ओढला, भिंतीच्या कडेकडेने कॅमेऱ्याच्या खालून रांगत आले, ती घोषणा केली, डोकं आपटलं, आणि शिरले. खोलीत दुसरं माणूस नको, हा नियम त्यांना ठाऊक होता. टेबलाखाली म्हणजे खोलीत नव्हे, असा अर्थ त्यांनी लावला. पस्तीस वर्षं नगरपालिकेच्या पाणी खात्यात काढलेल्या माणसाला नियमाचा अर्थ लावायला वेळ लागत नाही.

त्यांनी सपासप वारा घातला. चार फटके, पाच. भिजवलेल्या वाळ्याचा गार वास सुटला. आणि मग त्यांनी हातातल्या पंख्याची मूठ पाहिली. मूठ चांदीची होती.

इथे थोडं सांगितलं पाहिजे. व्यंकोबारावांचे पूर्वज तंजावरच्या दरबारात होते. 'मानकरी' असं घरात म्हणत. कशाचे मानकरी असं कुणी खोलात विचारलं, तर राजाला वारा घालण्याचे. ("राजास उकडलें म्हणून तुमचे पणजे जेवले," असं भवानीबाई म्हणत.) राज्य गेलं, राजा गेला, उकाडा राहिला. तेव्हा घराण्याने तो वारा विठोबाकडे वळवला. कुंभकोणातल्या छोट्या भजनमठात, कत्तरीच्या, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या, पंचवीस कडक दिवसांत, दुपारी बारा ते साडेबारा विठोबाला वाळ्याच्या पंख्याने वारा घालायचा मान त्यांच्याकडे होता. दरबारातला तो चांदीच्या मुठीचा पंखा त्या दिवसांपुरता घरी असे. नियम दोनच, पण लोखंडी: पंखा एकदा उचलला की सेवा पुरी होईस्तोवर खाली ठेवायचा नाही. घराण्याबाहेरच्या हातात द्यायचा नाही. व्यंकोबारावांच्या आजोबांना एकदा सेवेत असताना विंचू चावला. त्यांनी विंचवालाही दोन फटके वारा घातला, पण पंखा ठेवला नाही.

आणि तो पंखा आज गेमिंग लॅपटॉपसाठी उचलला गेला होता.

आता ठेवता येईना. सोडता येईना. वर मशीन, समोर लेकीचे पाय, पाठीला भिंत. डाव्या बाजूला विजेच्या वायरींचा गुंता. उजवा गुडघा आपणहून दुमडला होता आणि उलगडण्याचा त्याचा विचार दिसत नव्हता. व्यंकोबाराव वारा घालत राहिले.

पहिल्या दहा मिनिटांत त्यांची आणि दिव्यश्रीची एक भाषा ठरली. तिच्या पायाचा अंगठा त्यांच्या खांद्याला एकदा लागला की जोरात. दोनदा लागला की ठीक आहे. एकदा पंख्याचा ओला थेंब तिच्या पावलावर उडाला, तेव्हा अंगठ्याने जे सांगितलं ते शब्दांत लिहिण्यासारखं नाही.

"तुमच्याकडे पाऊस पडतोय का?" वरून एका बाईचा आवाज आला. या पुण्याच्या कविता मॅडम. "काहीतरी सळसळ ऐकू येतेय."

"नाही मॅडम, पंखा आहे."

"वीज गेली म्हणालात ना मघाशी?"

"हा विजेचा नव्हे," दिव्यश्री म्हणाली. "घराण्याचा आहे."

पुणे हसलं. "तुमचं मराठी किती गोड आहे हो. जुन्या दस्तऐवजातल्यासारखं. बरं, पुढे चला."

व्यंकोबारावांना ते 'गोड' टोचलं. खरं म्हणजे तेच त्यांचं दुखणं होतं. कुंभकोणात मराठी उंबऱ्याच्या आत. बाहेर पाऊल पडलं की भाजीवाला, डॉक्टर, शेजारी, सगळं तमिळ. घरात मराठी बोलणारी तोंडं तीन. दिव्यश्री पुण्याला गेली की उरणार दोन. आणि त्या दोघांना एकमेकांशी जे बोलायचं होतं, ते बहुतेक सगळं बोलून झालं होतं. रोज संध्याकाळी लेक आणि बाप ओसरीवर बसत. ती दिवसभरात खेळात काय सापडलं ते सांगे, ते पाणी खात्यात कोण कसा होता ते सांगत. दोघांनाही एकमेकांचं काही कळत नसे. पण ते मराठीत कळत नसे.

आणि आता? मशीन बंद पडलं तर ती इथेच. चालू राहिलं तर ती पुण्याला. म्हणजे मी, व्यंकोबा, राजाच्या पंख्याने, स्वतःच्या हाताने वारा घालघालून लेकीस घरातून उडवून देतों आहें. हा हिशेब त्यांना सव्वाअकराला उलगडला. उलगडायला नको होता. हात त्यानंतर जड झाला.

"मॅडम," वर दिव्यश्री म्हणाली, "येथें एक म्हातारा अडकला आहे."

व्यंकोबाराव आणखी भिंतीला चिकटले.

"कुठे?"

"खाली. जिन्याखाली शिरला आहे. हात हालवितो, पण बाहेर येत नाही."

ते खेळातलं आहे हे कळायला त्यांना चार फटके लागले.

"किती वेळ?"

"मी आल्यापासून तसाच."

"आपोआप निघतो का बघा. वाट आहे का त्याला?"

"वाट आहे मॅडम. जात नाही."

"मग गाळून टाकून बघा."

काही बटणं वाजली. "गाळिला तर सगळा खेळच बंद पडतो," दिव्यश्री म्हणाली. "जिना त्याच्याच डोक्यावर धरिला आहे, असें दिसतें."

"अरे वा. हे आधी कुणालाच सापडलं नव्हतं. लिहून घेते. राहू दे त्याला तिथेच."

"सरि," असं तमिळमधलं 'बरं' व्यंकोबारावांच्या तोंडून गेलं. अंगठा जोरात लागला.

साडेअकराला दारात कुजबुज झाली. भवानीबाई. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे रांगून येणं शक्य नव्हतं. त्या चौकटीआडून एक डोळा आणि अर्धी नथ तेवढी आत पाठवीत होत्या.

"अहो. गोपाळकृष्णराव आले आहेत."

व्यंकोबारावांनी डोळे मिटले. गोपाळकृष्णराव हे मठाचे कार्यवाह. त्यांच्या घराण्याकडे मठात समई पुसायचा मान होता, आणि गेल्या तीन पिढ्या त्यांना तो कमी वाटत होता.

"विचारितात, पंखा कोठें? बारा वाजावयास आले. विठोबास घाम सुटला, म्हणतात."

व्यंकोबारावांनी पंखा हलवतच तो दाखवला.

"तें मी सांगितलें. कॉफी करूं म्हटलें तर डवरा एक नाही घरांत. चारही तुमच्या त्या अग्निदेवाच्या खाली. एक ओढून द्या ना!"

व्यंकोबारावांनी मान जोराने हलवली. एक डवरा ओढला तर लॅपटॉप कलंडेल, लॅपटॉप कलंडला तर पुणे कलंडेल.

"मग पेला नुसता देऊं? डवऱ्याशिवाय कॉफी द्यावयास हें काय रेल्वे स्टेशन आहे?" असं विचारून नथ मागे गेली.

आणि लॅपटॉपच्या मागच्या खिडकीत, टेबलापासून हातभर अंतरावर, खुद्द गोपाळकृष्णराव उगवले. गज धरून खाली वाकले. टेबलाखालचं दृश्य त्यांनी आधी नीट, सावकाश, पुढच्या वीस वर्षांसाठी पाहून घेतलं.

"व्यंकोबाराव," ते हळूच म्हणाले, "दरबार हलला का येथें?"

व्यंकोबारावांनी तोंडावर बोट ठेवलं.

"बारा वाजतात. चला. पंखा ठेवावयाचा नाही, हें मज ठाऊक आहे. ठेवूं नका. हातांत घेऊन, हालवीत हालवीतच चला. दोन गल्ल्या तर आहेत. नियम मोडत नाही. देवाचें काम. कोण काय म्हणेल?"

आणि हीच तर पंचाईत झाली. आतापर्यंत व्यंकोबाराव निदान अडकलेले होते. अडकलेल्या माणसाला काही ठरवावं लागत नाही. गोपाळकृष्णरावांनी त्यांना सोन्यासारखी वाट काढून दिली होती. उठायचं, पंखा हलवत मठात जायचं, विठोबाला वारा घालायचा. पाच मिनिटांत सत्त्याण्णव. पडदा काळा. लेक घरात. आणि दोष? दोष विठोबाचा. 'देवाच्या सेवेस गेलों होतों बाळा, कण्णा' म्हटल्यावर कुठली लेक बापाला बोलेल? संध्याकाळी ओसरी, ती, आणि कुणालाच न कळणारं मराठी. चंद्रसूर्य आहेत तोवर.

त्यांनी गुडघा उलगडून पाहिला. काय आश्चर्य, तो उलगडला.

हात मंदावला. वर यंत्राचा आतला पंखा घोगऱ्या आवाजात किंचाळू लागला. त्याची गरम फुंकर वेतातून खाली टकलावर आली. अंगठा लागला. एकदा. म्हणजे जोरात. व्यंकोबाराव अर्धे बाहेर सरकले. अंगठा पुन्हा लागला. मग तिसऱ्यांदा, घाईने. वर दिव्यश्री मॅडमना कुठल्या तरी दाराविषयी सांगत होती; आवाज अजून हसरा होता, पण वाक्यं लहान लहान होत चालली होती.

चौथ्यांदा अंगठा लागला नाही.

व्यंकोबाराव वाट पाहत थांबले. लागला नाही. मग लेकीची दोन्ही पावलं जमिनीवरून उचलली गेली आणि खुर्चीवर, मांडीखाली, गेली. बापाला बाहेर जायला वाट व्हावी म्हणून. वर ती बोलतच होती.

टेबलाखालून दारापर्यंत आता काही आडवं नव्हतं. लहानपणी गाडीत झोप लागली की ती अशीच पाय पोटाशी घेऊन कोपऱ्यात बसायची, कुणाला अडचण नको म्हणून, हे त्यांना आठवलं. नको तेव्हा आठवलं.

"काय व्यंकोबाराव? येतां ना?" खिडकी म्हणाली.

व्यंकोबारावांनी मोकळ्या वाटेकडे पाहिलं. मग ते पाठीमागे सरकले, भिंतीला टेकले, गुडघा पुन्हा दुमडून घेतला, आणि दोन्ही हातांनी पंखा धरून असा वारा घातला की दिव्यश्रीसमोरच्या वहीची पानं उडाली.

"नाही," ते म्हणाले. ओठांनीच.

"मान जाईल हो."

व्यंकोबारावांनी पंख्यानेच त्यांना जा म्हणून खुणावलं. गोपाळकृष्णराव गेले, पडलेल्या चेहऱ्याने, पण पाय मात्र लगबगीचे. मठात त्यांनी नातीच्या लग्नाच्या जाडजूड पत्रिकेने विठोबाला अर्धा तास वारा घातला, असं नंतर कळलं. तीन पिढ्यांचा उकाडा त्यांनी त्या अर्ध्या तासात काढला.

इकडे थोड्या वेळाने पावलं हळूच खाली आली. अंगठा खांद्याला लागला, दोनदा. आणि मग तिथेच राहिला.

पुढचा तास सांगण्यासारखा नाही. तो फक्त होता. उजवा हात गेला, डावा घेतला. डावा गेला, उजवा मागून घेतला. वाळ्याच्या काड्या गळून मांडीवर पडत होत्या. व्यंकोबारावांना टेबलाच्या खालच्या अंगाला कुणीतरी खडूने लिहिलेला जुना लिलावाचा आकडा दिसत होता. तो त्यांनी सव्वाशे वेळा वाचला. एक पाल येऊन त्यांच्याकडे बघून गेली. मठातली घंटा बाराला वाजली आणि साडेबाराला वाजली, आणि दोन्ही वेळा त्यांचा हात पंखा धरून होता. फक्त पंख्यासमोर चुकीचा देव होता.

एक वाजला.

"झालं," कविता मॅडम म्हणाल्या. "दिव्यश्री, खरं सांगू? आज सकाळपासून पाच जणांची मशीनं बंद पडली. तुमचं तेवढं टिकलं. आणि तो जिन्याखालचा म्हातारा तुम्ही शोधलात, त्यावर मी खूश आहे. पंधरा तारखेला रुजू व्हा."

"पुण्यास?"

"पुण्याला. लॅपटॉप आणू नका हं. इथे मोठी मशीनं आहेत आणि सबंध इमारत एसी आहे. स्वेटर तेवढा आणा."

बोलणं संपलं. सात रंग विझले. आणि त्याच क्षणी, जणू हेच ऐकायला थांबली होती अशी, वीज आली. टेबलफॅन आपोआप फिरू लागला आणि व्यंकोबारावांच्या घामेजल्या टकलावर वारा घालू लागला.

दिव्यश्रीने खुर्ची मागे सरकवली, वाकून टेबलाखाली पाहिलं. तिचे डोळे लाल होते. तीन तास पडद्याकडे पाहिलं की होतात.

"अप्पा," ती म्हणाली, "तुम्ही मठांत गेला नाही."

"वाट नव्हती," व्यंकोबाराव म्हणाले.

"मी पाय वर घेतले होते."

"मज दिसलें नाही. वय झालें."

ती त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. त्यांच्या बोटांतून पंखा सोडवायला तिला एकेक बोट उघडावं लागलं. ती घराण्यातलीच होती. नियम मोडला नाही. थोडा वेळ तिने त्यांना वारा घातला.

दारात भवानीबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांच्यामागे विजयी गोपाळकृष्णराव, घामाने निथळत, हातात लग्नपत्रिका. काहीतरी बोलण्याची हीच वेळ होती. व्यंकोबाराव टेबलाखालून अर्धे बाहेर आले, या वेळी डोकं सांभाळून, आणि घसा साफ केला.

"आज," ते म्हणाले, "आमच्या घराण्याचा वारा तंजावराहून निघून पुण्यापर्यंत—"

"पोचला ना?" भवानीबाई म्हणाल्या. "मग तेवढे दोन डवरे काढून द्या. पाणी उकळून उकळून अर्धें जाहलें."